चोर न्हाई हो ती!

न्हाई हो, चोर न्हाई ती! किती डाव सांगू, अन् कुणाकुणाला सांगू? तोंड दुखून आलं माझं. तुम्ही बाहेरगावची माणसं, तुमच्या कानावर अजून आलं नसंल, तर दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्या तोंडून ऐका... माझी गोजर, वय वर्सं चौदा, चोर न्हाई. मंग चोर कुणी केली तिला? मी केली! सख्ख्या आईनं, मंठ्याच्या भर बाजारात, ओरडून ओरडून! अन् आता त्याच तोंडानं न्हाई म्हणते, तर कुणी ऐकायला तयार न्हाई.

तुम्हाला सांगते, गेल्या सालची गोष्ट. तवा इकडं निजामाचं राज, अन् तिकडं वऱ्हाडात स्वराज्य झालेलं. आमची गोजर नेमकी तवाच मामाकडं, वऱ्हाडात! तिथं शाळेवर झेंडा लागला, पोरायला साखर वाटली, अन् ही बया साखर खाऊन जी आली ती झपाटूनच आली. चुलीपुढं बसली की सुरू, "माय, वर भगवा, मधी पांढरा, खाली हिरवा..." मी म्हणायची, "अन् तव्यावर काळा! भाकर करपली की गं!" पण ऐकंल तर शपथ. "माय, आपल्या गावात कवा लागंल गं?" अगं लागंल तवा लागंल, तू आधी म्हशीला पाणी दाव!

मंग एक दिवस आम्ही बाजाराला गेल्तो. मी, गोजर, अन् आमच्या सासूबाई. लाल मिरच्यांची पाटी विकायला घेतलेली. अजमतभाईच्या कापडाच्या दुकानी गेलो, कारण मला सासूबाईला लुगडं पाह्यचं होतं. आता तवाच्या दिवसांत दुकानदारायला ताकीद होती बरं का... भगवं, पांढरं, हिरवं, एका गिऱ्हाइकाला एका डावात द्यायचं न्हाई! भगवं घेतलं? मंग घरी जा. हिरवं पुढल्या बाजारी! म्हणजे इकत घ्यायची सोयच न्हाई. पण हे मला काय ठाव? मी लुगड्याचा काठ पाहून राह्यले, सासूबाई पदराला गाठ मारलेला गूळ चाखून राह्यल्या, अन् माझ्या गोजरनं... तीन तुकडे उचलून घातले मिरच्यांच्या पाटीत!

अजमतभाईनं पाह्यलं अन् सवयीनं ओरडला, "चोर! चोर! ओ छोरी, पाटी में क्या डाली?" ओढली पाटी, उपसल्या मिरच्या, अर्धा बाजार शिंकाय लागला, अन् त्या शिंकांमधून निघालं काय? भगवं... पांढरं... हिरवं. अजमतभाईचं तोंडच उतरलं. त्याला कळलं हो! लागला बिचारा परत मिरच्या घालायला, "जाने दो, जाने दो, कुछ नहीं..." पण कुठलं जाऊन राह्यलं? समोरच्या हाटिलात पोलीस चौकीचा अमीनसाहेब चहा पीत बसलेला. बशी हातात घेऊन तसाच आला. शिंकला, डोळे पुसले, तुकडे पाह्यले, अन् म्हणतो कसा, "क्यों बाई, ये तीन रंग... एकच पाटी में?"

त्या वक्ताला तीन रंगासाठी पोरं उचलून नेत होते, अन् नेलेली सगळीच परत येत नव्हती. मी म्हणले, "साहेब, भगवं तर जांबच्या देवळाला, नवस हाय." तो म्हणे, "बराबर. हिरवा?" मी म्हणले, "पीराला चादर, तोबी नवस." तो म्हणे, "बहुत अच्छा. अन् सफेद?" आता पांढऱ्याला कोणता देव आणू? सुचलं ते बोलले, "सासूच्या कफनाला, साहेब. वय झालं, घरात असलेलं बरं." अन् सासू बाजूलाच उभी, गूळ चघळत! "मला मारून राह्यली का गं सटवे?" सगळा बाजार हसला, पण अमीन हसला न्हाई. म्हणाला, "नवस का कपडा कोई चोरी करता क्या? चोरीचं कापड देव घेत न्हाई, पीर घेत न्हाई. सच बोलो." अन् बराबरच होतं हो त्याचं! नवसाला आपल्या कष्टाचंच लागतं, हे त्या अमीनाला ठाव, अन् मी सात नवस फेडलेली बाई, मला त्या घडीला आठवलं न्हाई!

अन् तेवढ्यात आमचं रत्न पुढं झालं. हनवटी वर. "अमीनसाहेब, मी चोर न्हाई. हे कापड मी..."

ठेवून दिली तोंडावर! पहिलीच थापड, जन्मात. अन् ओरडले, "चोर हाय! चोर हाय हो ती साहेब, निव्वळ चोर! रंग काय दिसतो का तिला? हाताला लागंल ते उचलते! शेजारच्या उषाबाईच्या वाळवणातल्या कुरडया कुणी नेल्या? हिनं! देवळातलं खोबरं? हिनं!" तर गर्दीतून एक म्हातारा, "आमचा पितळी तांब्या गेल्ता दिवाळीत..." मी म्हणले, "तोबी हिनंच!" "माझी वहाण?" "हिनंच!" तुम्हाला सांगते, मंठ्याच्या बाजारात दोन सालांत जे जे हरवलं, ते सगळं मी माझ्या लेकीच्या नावावर केलं. एका म्हाताऱ्याची तर शेळीबी तिच्याच नावावर!

अन् ओरडता ओरडता माझी नजर गेली... तर समोर तुळजाबाई. गोजरची होणारी सासू. सुपारी फुटलेली, पुढल्या माघात लगीन. माझ्याकडं नुसती पाहून राह्यलेली. आता बोला, काय केलं असतं तुम्ही? थांबले असते, तर पोरगी चौकीवर. न थांबावं, तर सोयरीक गेली. मी एक पळभर थांबले हो... एवढंच. अन् मंग दुप्पट ओरडले, "चोर हाय हो ती!"

अमीन वैतागला. म्हणाला, "कान पकड, बारा उठाबशा काढ, अन् चल निकल." पोरगी कान पकडंना! मीच तिचे दोन्ही कान धरले अन् बारा डाव खालीवर केली. घरी आलो. तीन दिवस जेवली न्हाई. चौथ्या दिवशी म्हणली एवढंच, "माय, मारलं त्याचं काही न्हाई. पण तू मला चोर म्हणलीस." मंग काय म्हणायचं होतं गं बाई? जित्ती हायेस ना!

बरं, आठ दिवसांत तुळजाबाईचा निरोप, सोयरीक मोडली. तेबी गिळलं. म्हणलं, दिवस बदलतील तवा सांगू खरं काय ते. अन् बदलले हो दिवस! दसऱ्याच्या तोंडावर फौज आली, निजामाचं राज गेलं, अन् मी दुसऱ्याच दिवशी पदर खोचून निघाले. पहिली तुळजाबाईकडं. म्हणले, "चोर न्हाई हो ती! झेंड्यासाठी घेतलं होतं." तर ती शांतपणानं म्हणते, "सोनूबाई, आता समदेच झेंड्याचं सांगून राह्यलेत. त्या दिवशी तुम्हीच ओरडल्या. आई लेकीबद्दल खोटं कशाला ओरडंल?" आता या बाईला कसं सांगू, की आईच ओरडंल!

मंग गेले अजमतभाईकडं. त्यानं तर डोळ्यानं पाह्यलं होतं, त्याला सगळं कळलं होतं. फौज आल्यापासून दुकान अर्धं बंद, फळी लावून आत बसलेला. म्हणले, "भाई, तुम्ही तरी सांगा चार माणसांत." त्यानं पाणी दिलं. म्हणाला, "सोनूबाई, बच्ची सच्ची हाय, मला ठाव हाय. पर आजकाल माझी गवाही कोण ऐकतो? मी बोललो तर तिचंच नुकसान." पाणी पिऊन तशीच परत आले.

अन् काल, चावडीपुढं झेंडा लागला. आमच्या गावचा कडूबा पुढं, पांढरी टोपी घालून. गेल्या साली अमीनाला रस्ता ओलांडून सलाम करायचा, तोच! म्हणे, "मी वर्सभर कणगीत झेंडा लपवून ठेवला होता." अरे, तुझ्या कणगीत दाणा टिकत न्हाई, झेंडा टिकला? पण टाळ्या पडल्या. माझी गोजर न्हाऊन, येणी घालून, पार पुढं गेली. वर पाहून राह्यली. तर कडूबा हळूच शेजारच्या पोराला, भुजंगाला म्हणतो, मला ऐकू आलं, "भुजंगा, काठी घेऊन खांबापाशी उभा राह्य. सोनूबाईची पोरगी आली. नवं कापड हाय, नजर ठेव."

अन् राह्यला की उभा! माझ्या लेकीच्या अन् झेंड्याच्या मधी, काठी आडवी धरून. गेले मी तरातरा. म्हणले, "भुजंगा, चोर न्हाई रे ती!" त्यानं मान खाली घातली. "काकू, तुम्हीच तर सांगितलं होतं..."

बराबरच बोलला पोरगा. म्हणले, "राख बाबा, राख. फकस्त जरा बाजूला सरकून राख... तिला दिसून न्हाई राह्यला."