बत्तीस फुटी लाइलकडे आहे

(नॉर्थ डकोटा. शेतीची यंत्रं लादून न्यायचे ट्रेलर विकणाऱ्या दुकानाचं मागचं आवार. ऑर्विन, त्याची बायको मार्लिस आणि दुकानदार ग्लेन.)

ऑर्विन : बत्तीस फुटी नको. बत्तीस फुटी लाइलकडे आहे. मला चाळीस दाखव.

ग्लेन : दाखवतो की. धाकट्या भावाच्या वर आठ फूट. पण लादणार काय त्याच्यावर?

ऑर्विन : शेण-माती उचलायचा लोडर. गवताचे गठ्ठे. पडेल ते.

मार्लिस : ग्लेन, आमच्याकडे एकुलता एक लोडर आहे. तो वीस फुटीवर पाय पसरून झोपेल.

ऑर्विन : तू मध्ये बोलू नकोस गं.

मार्लिस : नाही बोलत. फक्त गोठा आणि धान्याचं कोठार यांच्या मधून चाळीस फुटी वळवणार कसा, तेवढं सांग. गोठा सरकवणार आहेस का?

ऑर्विन : वेळ पडली तर सरकवीन.

ग्लेन : ऑर्विन, लांबी काय, दिसायला झकास. ट्रेलर टिकतो तो चाकांच्या अ‍ॅक्सलवर आणि खालच्या सांध्यांवर. हा पंचवीस फुटी बघ. चौकट जाड, अ‍ॅक्सल दणकट, वर ओकच्या फळ्या. बर्फ पडला की पोलादी पत्र्यावर लोडर साबणासारखा घसरतो. लाकडावर चाक धरून राहतं. जन्म काढशील याच्यावर.

ऑर्विन : लाइलच्या ट्रेलरला फळ्या आहेत?

ग्लेन : आहेत.

ऑर्विन : मग मला पत्रा दे.

मार्लिस : अरे देवा!

ऑर्विन : हस, हस. रस्त्यावर बघतेस ना तू? समोरून कुणीही येवो, लाइलचा ट्रेलर दिसला की स्टिअरिंगवरची चारही बोटं वर करून नमस्कार. चारही! मला एक बोट. तेही अर्धंच.

मार्लिस : खड्डा चुकवत असतील बिचारे.

ऑर्विन : आणि बाबांचा लोडर हलवायचा असला की फोन कुणाला? लाइलला. थोरला मी, त्यांच्या शेजारच्या शेतात राहतो मी, आणि मला कळतं कुठे? चर्चच्या तळघरात, कॉफी पिताना, तिसऱ्याच्याच तोंडून!

ग्लेन : त्याच्याकडे ट्रेलर आहे, म्हणून करत असतील.

ऑर्विन : तेच तर म्हणतोय मी! म्हणूनच चाळीस फुटी. बाबांना त्यांच्या खिडकीतून दिसला पाहिजे.

मार्लिस : असं होय. म्हणजे लोडरसाठी नाहीच हा. बाबांसाठी आहे.

ऑर्विन : ग्लेन, कागद काढ तू.

ग्लेन : काढतो. हॅल्वर नाही आले बघायला?

ऑर्विन : बाबा? ते कशाला येतील इथे?

ग्लेन : लाइलच्या वेळी आले होते. ऐंशीच्या घरातला माणूस, सरळ पाठीवर पडून ट्रेलरखाली शिरला! चाकूच्या मुठीने एकेक सांधा ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. माझे दोन ट्रेलर नापास केले. तिसऱ्याखालून नुसता अंगठा बाहेर आला, तेव्हा कुठे सौदा झाला.

ऑर्विन : खाली झोपले? इथे, या चिखलात?

ग्लेन : चर्चची पँट घालून.

ऑर्विन : लाइलसाठी.

मार्लिस : ऑर्विन...

ऑर्विन : जन्मभर वेल्डिंग केलं त्यांनी. गावभर लोकांचे नांगर जोडले. मी माझा पहिला नांगर आणला, तर कुंपणापलीकडूनच बघितला आणि म्हणाले, 'बरा आहे.' बरा आहे! वाकून बघितलंसुद्धा नाही.

मार्लिस : माझ्या हातच्या गोड रूबार्ब पायलाही ते 'बरा आहे' म्हणतात, आणि बशी चाटूनपुसून ठेवतात. याच्यापुढचा शब्दच नाही त्यांच्याकडे. आज बोलावलं होतंस त्यांना?

ऑर्विन : बोलवायचं काय त्यात? त्यांचं त्यांना कळू नये?

मार्लिस : लाइलने बोलावलं असणार.

ऑर्विन : त्याला कशाचीच लाज नाही.

मार्लिस : नाहीच आहे. म्हणून तर त्याच्या ट्रेलरखाली ते चिखलात झोपले. धर फोन.

ऑर्विन : मी नाही करणार.

मार्लिस : मी लावलाय. वाजतोय.

ऑर्विन : मार्लिस! ...हॅलो, बाबा? मी ऑर्विन. ...नाही, कुणी गेलं नाही. ...नाही, गायही नाही. ग्लेनकडे आलोय, ट्रेलर बघायला. ...पंचवीस फुटी. ...हो, फळ्यांचाच. वरून चांगला दिसतोय, पण खालचे सांधे... मला त्यातलं कळत नाही, बाबा. तुम्ही बघाल का?

मार्लिस : काय म्हणतायत?

ऑर्विन : थांब गं. ...आत्ता? लगेच? ...हो, पण येणार कसे? ...अच्छा.

ग्लेन : येतायत का?

ऑर्विन : येतायत. बूट शोधतायत. लाइल आणतोय त्यांना.

मार्लिस : तोंड सरळ कर आधी.

ऑर्विन : हो बाबा, आहे मी. ...नाही, नाही, त्यालाही घेऊन या. फक्त त्याला म्हणावं, ट्रेलर घरी ठेवून ये.