फळीचा दोर

बोटीच्या सामानाच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या सुताराच्या कानावर पुढच्या मायलेकांचं बोलणं पडत होतं.

“आई, तुला हवा भरलेल्या ट्यूबवर बसवून पाण्यात बोटीमागे ओढतो. ट्यूबचा दोर रबरासारखा ताणला जातो, झटका बसत नाही.”

“मी काय गाठोडं आहे, ठेवलं तिथे बसायला? मला पाण्यावर घसरायच्या फळीवर उभं राहायचंय. फळीला असला लेचापेचा दोर चालत नाही.”

“तुझे गुडघे बघ.”

“बघितलेत. तुझ्यापेक्षा जुनी ओळख आहे आमची. आणि दोराच्या टोकाला धरायची दांडी बारीक घे, जाड माझ्या मुठीत बसत नाही.”

“पडलीस तर?”

“पडणारच. दांडी सोडून देईन. तू बोट वळवून ये. पण घरी न्यायला नाही, पुन्हा ओढायला.”