तिसरा फोटो

हॅलो?… हो, मीच. आवाज ओळखला नाहीस? ऑपरेशनला तीन आठवडे झाल्यावर फोन केला की असंच होतं, नणंदबाई.

…पाय? आहे जागेवर. उशांच्या ढिगावर ठेवलाय… अगं, चालते की. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते, परत येते… टाके? पोटरीत एवढा खड्डा पाडल्यावर टाके कुठून घालतील? मांडीची कातडी सोलून तिथे लावलीय. म्हणजे जखमा दोन. मांडीची जास्त झोंबते. शिवाय जांघेतली गाठ काढून तपासली… ती स्वच्छ निघाली. हो, वाचले. वाईट वाटलं का?

अगं ऐक ना… ऐक! आत्ताच रडू नकोस, अजून मी सुरूही केलेलं नाही.

डॉक्टरांनी पहिलं काय विचारलं, माहितेय? तीळ आधी एकदा काढलाय, तर तपासला कुठे? मी म्हटलं, डॉक्टर, माझ्या नणंदेनं पार्लरमध्ये मशीननं जाळला. उरला फक्त धूर, तो काही कुणी तपासायला दिला नाही… हो, तुझं नाव घेतलं. का घेऊ नको?

…साधा तीळ? तुला कसं कळलं साधा? वाढत होता, कडा वाकड्यातिकड्या, रंग दोन. मी डॉक्टरांना दाखवते म्हणत होते ना? तूच म्हणालीस, "कशाला उगाच वहिनी, दहा मिनिटांचं काम." चार महिन्यांत त्याच डागाच्या कडेला काळाकुट्ट होऊन परत उगवला. कॅन्सर होता तो, कॅन्सर!… मुद्दाम नाही केलंस, ठाऊक आहे. मुद्दाम केलं असतंस तर निदान नीट तरी केलं असतंस.

हं… आता आलीस मुद्द्यावर. फोटो. हो, लावणारच आहे. तुझ्या पार्लरच्या भिंतीवर माझी पोटरी टांगलीयस ना, एक "आधी", एक "नंतर"? त्यांच्या शेजारी तिसरा. "त्यानंतर". खड्ड्यासकट… चौकट त्याच मापाची करून घेतलीय गं, भिंत वाईट दिसायला नको.

…दादाला? तुझा दादा इथेच बसलाय. खिळे त्यानंच आणलेत… नाही, घेत नाही तो फोन. मान हलवतोय.

…धंदा बुडेल? बुडू दे की. माझी झोप उडाली, तुझा धंदा बुडू दे.

…काय? परत बोल… डॉक्टरांचा नंबर? तुला कशाला?… गिऱ्हाईक? आता बरी गिऱ्हाइकांची काळजी वाटायला लागली! कोण गिऱ्हाईक?… अगं, मग अडखळतेस काय? नाव सांग.

…

बिट्टी?… आपली बिट्टी? तुझी लेक?… कुठे? मानेवर. कधी जाळलास?… मुलाखतीला जायच्या आधी. बरोबर, दहा मिनिटांचं काम. आणि आता तिथे काय आहे?… काळा ठिपका. किती दिवस झाले?

…दोन महिने! आणि तू आधी फोटोचं बोलतेस?

गप्प. एक अक्षर बोलू नकोस. हात लावायचा नाही त्याला, मलम नाही, मशीन नाही, काही नाही… तिला सांगितलंयस?… फोन तिच्याकडे दे… मी काय सांगायचं ते मी बघते. दे म्हणते ना!

…हॅलो, बिट्टी? मामी बोलतेय गं… छान आहे मी. ऐक, उद्या सकाळी नऊला आपण दोघी माझ्या डॉक्टरांकडे जातोय. मानेवरचं दाखवून येऊ… छे गं, लगेच कापत नाहीत. आधी नीट बघतात, शंका आली तर तुकडा काढून तपासायला पाठवतात… हो, मी येणार. वॉकर घेऊन. मामा गाडी काढेल… घाबरायचं नाही, मी आहे ना. केस वर बांधून ये, म्हणजे त्यांना बघता येईल.

…आई? आई रडतेय का?

…नाही, तू नको जाऊस जवळ. रडू दे तिला.