फोटोखालच्या दोन ओळी

मंडळी, तुम्ही सगळे आलात. मागच्या रांगेतली मंडळी तर अक्कलकोटहून, वैरागहून एसटी बदलत आली. मला उभं राहून बोलायची सवय नाही. पण गोड बोलून खाली बसले, तर ते यांना आवडलं नसतं.

माझ्याआधी यांच्या सरकारी ऑफिसातले चौघं बोलले. चौघंही म्हणाले, यांनी आमची वेबसाइट अंधांना वापरता येईल अशी केली, ते काम आम्ही विसरणार नाही. विसरणार नाही? तुम्हाला विसरायला एक दिवसही लागला नाही.

यांची नजर चाळिशीत गेली. मी चौथी शिकलेली. यांना वाचून दाखवता दाखवता वाचायला लागले. आधी पेपर, मग पुस्तकं, मग ऑफिसचे कागद. फोन यांना अक्षरं वाचून दाखवायचा, पण चित्र आलं की नुसतं "फोटो" म्हणून गप्प. म्हणून यांचा नियम होता. वेबसाइटवर फोटो टाकला की त्यात काय आहे, ते दोन ओळींत लिहायचंच. त्यासाठी मला शेजारी बसवायचे. "काय दिसतंय?" मी सांगायची, साहेब फीत कापतायत. "आणि?" मागं दोघं जांभया देतायत. मग हसायचे. "जांभया खऱ्या हायत, पण साहेबांना लागतील. कात्रीवर थांब." अर्जाची भाषाही आधी मला वाचायला लावायचे. मी अडले की वाक्य मोडून पुन्हा लिहायचे. म्हणायचे, तू अडलीस म्हणजे सांगोल्याचा माणूसबी अडंल. मला राग यायचा. आता राग येईल असं बोलणारं कोणी नाही.

हे गेले त्या सकाळी ऑफिसनं ग्रुपवर बातमी टाकली. हार घातलेला फोटो. नाव, वेळ, मातीचं, म्हणजे अंत्यविधीचं ठिकाण, सगळं त्या फोटोतच छापलेलं. खाली वेगळं एक अक्षर नाही. डोळसांना दिसलं, ते आले. आणि ज्यांच्यासाठी हे भांडत राहिले, त्यांच्या फोनमध्ये काय वाजलं? "फोटो."

तिसऱ्या दिवशी बसवराजचा फोन आला. अक्कलकोटचा, जन्मापासून अंध. दाखल्याचा अर्ज स्वतः भरायला यांच्याकडूनच शिकला. "वैनी, साहेब कुटं हायत? फोन उचलंनात. अर्जात एका जागी अडलोय."

मी सांगितलं. मग म्हणाला, "ग्रुपवर समदे श्रद्धांजली लिहीत होते, वैनी. म्हणून मीबी लिहिली. कुणाला, ते ठावं नव्हतं."

त्यानं विचारायला हवं होतं, असं म्हणाल. दर वेळी त्यानंच विचारायचं का?

ज्यानं तो फोटो केला, तो या सभेत आहे. नाव घेत नाही. मला म्हणाला, गडबडीत राहून गेलं काकू, अशा वेळी कुणाला सुचतं? यांनाही दर वेळी हेच उत्तर मिळायचं. निवडणूक आली, गडबड. साहेब बदलले, गडबड.

आणि खरं सांगायचं तर तो फोटो मीही पाहिला होता. दोन ओळी मलाही लिहिता आल्या असत्या. मी रडत बसले. बसवराज, यांची माती तुला चुकली, त्यात माझाही वाटा आहे.

म्हणून आता सांगते. मागच्या रांगेतल्या अंध मंडळींसाठी सांगते. इथं टेबलावर यांचा फोटो आहे. पांढरा शर्ट, वरचं बटण तुटलेलं. कपाळावर विभूती. काळा चष्मा काढून हातात धरलाय. ओठ थोडे उघडे, कारण फोटो काढणाऱ्याला विचारत होते, काय दिसतंय. गुलाबाचा हार आहे. खाली नाव आहे. मी कधी घेतलं नाही, आज घेते. शिवानंद.

आता सगळे उभे राहा. अशा सभेत पुढच्या खुर्च्या वाजल्या की मागचे अंदाजानं खाली बसतात. आज तसं नको.

शांतता आता सुरू होते. संपली की मी तोंडानं सांगेन. तोवर कुणी बसू नका.