सावंत मावशींचे वाल

माझ्या ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटच्या प्रॅक्टिकलची मजा सांगितली का गं तुम्हाला?

पेशंट होत्या नाहूरच्या सावंत मावशी. पॅरालिसिसनंतर त्यांच्या उजव्या हाताला चिमूट जमत नव्हती. तीन आठवडे मी त्यांना फळीवरच्या खुंट्या उचलायला लावत होते आणि त्या म्हणत होत्या, "ह्यो काय पोरखेळ!" म्हणून परीक्षेला मी घरून बिरड्याच्या उसळीसाठीचे मोड आलेले वाल नेले, सोलायला.

मावशी नुसत्या वालांकडे बघत बसल्या. परीक्षक मॅडम घड्याळाकडे. पेशंटच्या कामात हात घालायचा नाही, हा आमचा पहिला नियम. पण माझा धीर सुटला यार! मी एक वाल उचलून दाबला, तर सालाआतल्या डाळिंबीचे दोन तुकडे.

"गो बाय, सोलतंस की चेचतंस?" मावशी कडाडल्या. "हयसर बघ!"

आणि त्यांनी उजव्याच हाताने वाल उचलला, चिमटीत हलकेच दाबला. अख्खी डाळिंबी वाटीत. मग दुसरी. तिसरी.

मॅडमनी हसत विचारलं, "मावशी, करू ना हिला पास?"

"थेरपीत करा," मावशी म्हणाल्या. "बिरड्यात नापास!"