गोल घरातलं कपाट

...आणि वर मलाच विचारतात हो! येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दारातून वाकून आत आला की, चपला काढायच्या आधी विचारतो, "काका, हे कपाट असं मधोमध का?" मधोमध का! अरे, गोल घराच्या भिंतीला सरळ कपाट लावून बघा एकदा! मागे एवढी फट राहते की मांजरीनं तिथे संसार थाटावा. पण खरं कारण ते नाहीच. बसा, सांगतो. नाही, तिथे नका बसू, कपाटाला पाठ लावू नका... जरा अलीकडे या. का ते कळेल.

तुम्हाला सांगतो, माझं अख्खं आयुष्य चौकोनात गेलं. चौकोनी ऑफिस, चौकोनी टेबल, बदलीच्या प्रत्येक गावात चौकोनी खोल्या. रिटायर झालो आणि ठरवलं, आता मातीचं गोल घर, आपल्या हातांनी! सिमेंट नाही, लोखंड नाही, जमिनीवर ओझं नाही. आणि एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं!

हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणते, "माझं कपाट कुठे राहील?" अहो, मी सांगतोय निसर्ग, साधेपणा, मोकळा श्वास... आणि ही? कपाट! हे हिच्या आईनं लग्नात दिलेलं. लोखंडी, हिरवं, आरशाचं, उघडताना असं किंचाळतं की शेजारचे दार उघडून बघतात. दर बदलीला टेम्पोतून आधी हे उतरायचं, मग मी! म्हटलं, "अगं, चार कपडे, दोन भांडी, साधं राहायचंय आपल्याला." तर म्हणते, "तुम्ही राहा साधे. कपाट असेल तिथे मी."

आता आली का पंचाईत? ही नसेल तर त्या गोल घरात मी एकटा काय गोल गोल फिरू? पण मागे हटलो असतो तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. एकदा ठरवलं म्हणजे ठरवलं! म्हटलं, आधी बांधू, घर बघून येईल आपोआप.

मग गाठल्या गोलताई. खरं नाव वेगळं, पण बाईंनी इतकी गोल घरं उभी केलीत की सगळे गोलताईच म्हणतात. त्यांचं शिबिर असतं, बांधता बांधता शिकायचं. ज्याची जागा त्याचं घर, बाकीचे यायचे, राबायचे, शिकायचे. या वेळी माझ्या जागेवर, पुढच्या वेळी दुसऱ्याच्या. कल्पना झकास! फक्त ताईंचा एक नियम. टाळ्या वाजवून सांगायच्या, "प्रत्येक कामाला प्रत्येकाचा हात लागला पाहिजे!" म्हणजे खड्डा एक आणि खणणारे वीस. एकानं कुदळ मारायची आणि पुढच्याला द्यायची, मंदिरातल्या घंटेसारखी!

त्यात एक दातांचे डॉक्टर. सुट्टी काढून आलेले. माती, वाळू, पेंढा पायांनी तुडवून भिंतींसाठी गोळे करायचे, त्यांची तालीम म्हणून आम्ही आधी ओटा घातला. तर हे गृहस्थ प्रत्येक गोळा अंगठ्यानं दाबून बसवणार, वाकून बघणार आणि ओट्याला विचारणार, "दुखत नाही ना?" अहो, ओट्याला!

असो. खांब उभे राहिले, वर तुळया चढल्या. मग छत. आता हे छत ऐका. मधे खांबच नाही! मधे तात्पुरता एक उंच टेकू लावायचा, त्यावर पहिला वासा. दुसरा वासा पहिल्याच्या खांद्यावर, तिसरा दुसऱ्याच्या, असं गोल जायचं, शेवटचा वासा पहिल्याच्या पोटाखाली सरकवायचा, बांधायचं आणि टेकू काढून घ्यायचा. सगळे एकमेकांना धरून उभे! ऐकूनच माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो.

टेकू म्हणून छान, वर बेचकं असलेलं उंच लाकूड आणलं होतं. खालचं टोक जरासं तिरकं होतं. कापायला हवं. आता कापणार कोण? प्रत्येक कामाला प्रत्येकाचा हात! पहिल्यानं कापलं, तिरकं. दुसरा म्हणाला, "थांबा, मी सरळ करतो." त्यानं उलट्या बाजूला तिरकं केलं. तिसरी म्हणाली, "अय्या, आता माझी पाळी!" मी ओरडतोय, "अहो, बास, बास!" तर ताई म्हणतात, "काका, शिकू द्या." शिकले! सगळे शिकले! करवत डॉक्टरांकडे पोचली तेव्हा माझ्या टेकूची म्हाताऱ्याची काठी झाली होती. डॉक्टरांनी तिलाही घासून गुळगुळीत केलं.

आता काय? दुसरं लाकूड मिळणार पुढच्या आठवड्यात आणि शिबिर दुसऱ्या दिवशी संपणार. माणसं पांगली की छत घालणार कोण? मी आणि डॉक्टर? आणि नेमका तेव्हाच टेम्पोचा आवाज. पुढे मेहुणा, शेजारी ही, मागे कपाट!

"हे कशाला आणलंस?"

"मोजायला. मावतं का बघते, मग ठरवते."

तिनं घेर बघितला, काठी बघितली, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "काठी कपाटावर उभी करा की. तेवढीच उंची हवीय ना?"

तुम्हाला सांगतो, ज्याच्यापासून पळायचं म्हणून हे सगळं मांडलं, ते कपाट मीच उचलून आत आणलं! वर काठी, काठीवर वासा. संध्याकाळपर्यंत छत पुरं. ताई म्हणाल्या, "आता टेकू काढा." मी खालून काठीला हातोडा मारला. कपाट किंचाळलं. वरून वासे कण्हले. आणि अख्खं शिबिर रस्त्यावर!

झालं होतं असं, की वजनानं कपाटाच्या टपाला खळगा पडला आणि काठी त्यात रुतून बसली. शेवटी डॉक्टर पुढे झाले, "हे आपलं क्षेत्र आहे." चढले, काठी धरली, हलवली, कान लावला, खाली उतरले आणि हात पुसत म्हणतात, "मुळाशी घट्ट आहे. दुखत नसेल तर काढू नये."

ताईंना विचारलं, "छत आता आपल्या जिवावर उभं आहे ना?"

"शंभर टक्के!"

"मग कपाट हलवू?"

"हलवा ना... आम्ही जरा पलीकडच्या फुटपाथवर थांबतो."

आत फक्त ही. पदरानं आरसा पुसत होती. म्हटलं, "बाहेर ये, पडेल बिडेल." तर म्हणाली, "प्रत्येक गावात हे उभं राहिलं की मला वाटायचं, आलं आपलं घर. इथेही वाटतंय. मी राहते इथे." खोटं कशाला सांगू, मला हुंदकाच आला. कपाटाला धरून रडलो असतो, पण म्हटलं धक्का नको.

मग भिंती झाल्या, दार झालं. दारातून कपाट जात नाही, मोजलंय मी. अजूनही म्हणतो, एक दिवस हे काढणार, छत आपल्या जिवावर उभं करून दाखवणार. एकदा ठरवलं म्हणजे... काय गं? काय हवंय? शाल? आत्ता? वरच्या कप्प्यातली?

चला, उठा उठा, ती कपाट उघडतेय. चपला राहू द्या, आधी बाहेर! घाबरू नका हो, रोजचंच आहे. फुटपाथवर माझी खुर्ची ठेवलेलीच असते.