दारापतुर

मिशनच्या दवाखान्यात मोतीबिंदू काढायला आलेली चांगुणाबाई जीव मुठीत धरून बाकावर बसली होती. शेजारी नेवाशाकडचं ख्रिस्ती जोडपं हुज्जत घालत होतं.

“मार्थे, चल घरी. देवावर इस्वास ठिवायचा आन् डोळ्याला सुरी बी लावायची?”

“इस्वासानं प्रवरेचा चिखल डोळ्यात घातलात! मोतीबिंदू ऱ्हायला तिथंच, वर डोळा महिनाभर मिरचीवानी लाल.”

“प्रभूनं आंधळ्याला मातीच लावली हुती.”

“ती प्रभूनं. तुमी कोन? शमुवेल रंभाजी!”

“हसू नगंस.”

“बरं, माती लावून प्रभू त्येला काय म्हनला?”

“तळ्यावर जा, डोळे धू.”

“मंग त्यो म्हनला का, ‘माझा लई इस्वास हाय, मी हितंच बसतो’?”

“न्हाई. चाचपडत गेला बिचारा.”

“मंग उठा. तुमचं तळं त्या दाराआड हाय.”

“मला भ्या वाटतंय, मार्थे.”

“त्येला बी वाटलं आसंल. हात द्या. दारापतुर मी हाय, फुडं देव हाय.”

नर्सबाईंनी नाव पुकारलं. म्हातारा उठला, मार्थाच्या हाताला धरून चाचपडत दारापर्यंत गेला आणि एकटाच आत शिरला. दार लागलं. मार्था एकटीच परतली आणि पदरानं डोळे पुसत बाकावर टेकली.

चांगुणाबाई तिच्याजवळ सरकली.

“बाई, मी देवीची मानूस. पर माझं नाव पुकारलं की मला बी दारापतुर सोडशील?”

“सोडीन की! नाव काय गं तुझं?”

“चांगुणा.”

“थांब, फुडच्याला सांगून ठिवते,” म्हणत मार्थानं तिचा हात धरला आणि डोळे मिटले.